अनुभव धागा : जेटिंगचे (थेंब टाकून थ्रीडी प्रिंट केलेले) पार्ट आणि मागच्या खोलीतली धुणी

भोसरीची_माजी
कपाट आवरताना व्हेरोक्लिअर या पारदर्शक रेझिनचा जुना पार्ट सापडला. तेव्हा काचेसारखा होता, आता पिवळाधमक. आमच्याकडे ऑब्जेटचं मशीन होतं, थरावर थर चढवून वस्तू बनवणारा थ्रीडी प्रिंटर. पाहुणे आले की सगळे त्यालाच बघत : हेड सरकतंय, रेझिनचे थेंब पडताहेत, लगोलग यूव्ही दिव्याने थर घट्ट. एक थर १६ मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीत सहा थर! पण खरं काम मागच्या खोलीत. पार्टच्या लोंबत्या भागाखाली जेलसारखा सपोर्ट पडलेला असतो, तो पाण्याच्या झोताने धुवायचा. भिंत पातळ असली की झोत पार्टच घेऊन जातो. आणि गिऱ्हाईक बाहेरून, "मशीनमधून निघालाय ना, द्या की!"
तुमचे अनुभव लिहा. ऑटो, दात, दागिने, काहीही चालेल.

सोडावॉटर
एसयूपी७०६ हा विरघळणारा सपोर्ट आल्यावर सुटलो आम्ही. २% कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाका, ढवळत ठेवा, आतल्या नळ्यासुद्धा मोकळ्या. झोताने त्या कधीच नीट निघायच्या नाहीत.

वैदर्भी_ऊन
मे महिना, नागपूर, बंद गाडी, डॅशबोर्डवर व्हेरो रेझिनचा ब्रॅकेट. संध्याकाळी नमस्कार करत होता 😂 पन्नास अंशांच्या आसपास मऊच पडतो तो. साहेब म्हणे डिझाइन चुकलं.

सीप्झवाला
आमच्याकडे मेणाचं जेटिंग. अंगठी एका मेणाची, सपोर्ट दुसऱ्या मेणाचा, तो द्रावणात विरघळून जातो. मग अंगठी प्लास्टरमध्ये, भट्टीत मेण गेलं की त्या पोकळीत सोनं. नखाएवढ्या फुलाच्या पाकळ्या यायच्या, जुने कारागीर भिंग लावून बघत आणि काहीच बोलत नसत.

सोडावॉटर
पण दादा, मेण म्हणजे फोटोपॉलिमर (उजेडाने घट्ट होणारं रेझिन) नव्हे, थंड होऊन घट्ट होतं ते.

सीप्झवाला
माहितीये हो. थेंब तर थेंबच ना!

रिकामी_टाकी
गणपतीची सुट्टी संपवून मशीन चालू केलं की आधी हेडची सफाई. महागडं मटेरियल थेट वेस्टच्या टाकीत. मालक शेजारी उभा राहून बघायचा, मोदकाची चव गेली असणार त्याची.

हिरवे_मोजे
न सुकलेलं रेझिन उघड्या हाताने धरू नका रे, अ‍ॅक्रिलेट आहे. आमच्या एका पोराला पुरळ उठलं ते परत परत येतंच राहिलं. नायट्राइलचे मोजे घाला.

भोसरीची_माजी
@हिरवे_मोजे अगदी. आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. बरा आहे का आता तो?

हिरवे_मोजे
हो ताई, त्याने लाइनच बदलली. आता सीएनसीवर (धातू कापायच्या मशीनवर) आहे, कूलंटला शिव्या देतो.

दात_दुखरे
फक्त वाचायला आले होते. डेंटिस्टने माझ्या जबड्याचं असलंच मॉडेल दाखवलं, हिरडीची रेघ न् रेघ दिसत होती. बिलही दिसलं. कोथरूडमध्ये रूट कॅनॉलला दुसरं कुणी आहे का?

वैदर्भी_ऊन
मॉडेल गाडीत ठेवू नका फक्त.

रिकामी_टाकी
@दात_दुखरे व्यनि केलाय. शनिवारी गर्दी असते, फोन करून जा.