ऑसबर्न-१ आणि सुपरकॅल्क: आयकराचे अमेरिकन टेम्प्लेट बदलावे की नव्याने मांडावे?

वाणिज्य_धरमपेठ

नमस्कार. माझ्या मामांनी अमेरिकेतून परत येताना आणलेला ऑसबर्न-१ हा संगणक सध्या आमच्या नागपूरच्या घरी आहे आणि चालू स्थितीत आहे. एप्रिल १९८१ मध्ये १,७९५ डॉलरला विक्रीस आलेले हे यंत्र बंद केल्यावर उचलून नेता येते, मात्र त्याचे वजन सुमारे ११ किलो आहे. पडदा ५ इंचांचा असून त्यावर एका वेळी ५२ अक्षरांच्या २४ ओळी दिसतात. यंत्रासोबत मिळालेली सुपरकॅल्क या स्प्रेडशीट प्रोग्रॅमची फ्लॉपी अजून वाचली जाते आणि मामांनी जपून ठेवलेल्या दुसऱ्या एका फ्लॉपीवर अमेरिकेच्या १०४० क्रमांकाच्या वैयक्तिक आयकर विवरणपत्राचे टेम्प्लेट, म्हणजे सूत्रे आधीच भरलेला तयार तक्ता आहे.

मी पदवीच्या विद्यार्थ्यांना आयकर शिकवते. आज आयकर विभागाच्या पोर्टलवर बहुतेक रकमा आधीच भरलेल्या असतात आणि कराचा आकडा तत्काळ समोर येतो; परंतु तो आकडा कोणत्या पायऱ्यांनी तयार झाला, हे विचारल्यावर चांगली मुलेही अडखळतात. म्हणून आकारणी वर्ष १९८६-८७ चा, म्हणजे १९८५-८६ मधील उत्पन्नावरचा आयकर याच यंत्रावर, विद्यार्थ्यांसमोर, एकेक सेल भरत काढून दाखवावा असा माझा विचार आहे. त्या वर्षीचे टप्पे मोजके असल्यामुळे ते फळ्यावरही मावतात.

माझ्या अडचणी अशा आहेत. मामांच्या टेम्प्लेटमधील दर बदलून ते आपल्याकडे वापरता येईल का, की सर्व नव्याने मांडावे? त्यात उत्पन्नाचा आकडा बदलल्यावर वरची बेरीज पहिल्यांदा जुनीच राहते आणि पुन्हा गणना करायला लावल्यावर बरोबर येते, असे का होते? आणि पडद्यावर जेमतेम ५ कॉलम दिसत असताना स्लॅबचा, म्हणजे करदरांच्या टप्प्यांचा तक्ता कसा बसवावा? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास मी ऋणी राहीन.

लेखापाल_महाल

ताई, आपला हेतू वाचून फार समाधान वाटले. नोकरीच्या काळात मी सुपरकॅल्कवर पुष्कळ काम केले आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची मांडणी त्याच उत्तरावर उभी राहते.

आजची स्प्रेडशीट कोणते सूत्र कोणत्या सूत्रावर अवलंबून आहे हे स्वतः शोधते आणि त्यानुसार गणनेचा क्रम ठरवते. सुरुवातीच्या सुपरकॅल्कमध्ये ही सोय नाही. ते एक तर ओळीओळीने वरून खाली जाते किंवा कॉलमकॉलमने डावीकडून उजवीकडे जाते, आणि वाटेत जे सूत्र येईल ते त्या क्षणी उपलब्ध असलेल्या आकड्यांवर सोडवते. त्यामुळे वरच्या ओळीतील सूत्र खालच्या ओळीतील बेरजेवर अवलंबून असेल, तर त्याला त्या बेरजेचा मागच्या फेरीतला आकडा मिळतो. उद्गारचिन्हाची कळ दाबून पुन्हा गणना करवली की दुसऱ्या फेरीत तो दुरुस्त होतो. १०४० फॉर्मची रचनाच अशी आहे की मुख्य पान आधी येते आणि ज्या परिशिष्टांतून त्यातील रकमा येतात ती मागे जोडलेली असतात. आपल्या मामांचे टेम्प्लेट कागदी फॉर्मच्याच क्रमाने लिहिलेले असावे, असे आपण सांगितलेल्या लक्षणावरून मला वाटते.

उपाय एकच आणि तो कटाक्षाने पाळावा: कोणत्याही सूत्राने फक्त वरच्या किंवा आपल्याच ओळीतील डावीकडच्या सेलकडे पाहावे. पगार, घरभाडे, व्याज, वजावटी हे सर्व वर. त्यांच्या बेरजा त्यांच्या खाली. त्याखाली एकूण उत्पन्न. त्याखाली स्लॅबचा तक्ता आणि अगदी शेवटी देय कर. गणना ओळींच्या क्रमाने ठेवली की एका फेरीत सर्व आकडे बरोबर येतात. आयकराच्या कायद्याचा ओघही असाच आहे: आधी उत्पन्नाची शीर्षके, मग सकल उत्पन्न, मग वजावटी, मग कर. त्यामुळे यंत्राची ही मर्यादा पाळताना विद्यार्थ्यांना कायद्याचा क्रमही डोळ्यांसमोर दिसेल.

अमेरिकन टेम्प्लेट बदलण्याच्या भरीस पडू नये. तिकडे वैयक्तिक कराचे वर्ष जानेवारीला सुरू होते, पतिपत्नी एकत्र विवरणपत्र भरू शकतात आणि त्यानुसार दरांचे तक्तेही वेगळे असतात. त्यातून १९८१ च्या कायद्याने तेथील दर टप्प्याटप्प्याने खाली आणले आणि १९८५ पासून स्लॅब महागाईशी जोडले, म्हणजे ते टेम्प्लेट ज्या वर्षाचे असेल त्या वर्षापुरतेच खरे. त्याची एक प्रत जपून ठेवावी आणि आपला तक्ता कोऱ्या पानावर सुरू करावा.

एक गोष्ट विषयाला थोडी सोडून, पण मुलांना अवश्य सांगण्यासारखी. ज्यांच्या नावाचे हे यंत्र आहे त्या ॲडम ऑसबर्न यांचे बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलई येथे गेले आणि २००३ मध्ये त्यांचे निधन झाले तेही त्याच राज्यात, कोडाईकनाल येथे.

सनदी_रामदासपेठ

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. स्लॅबच्या तक्त्याबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहिते, कारण त्या काळातील अनेक टेम्प्लेटमध्ये मला न पटणारी एक पद्धत दिसते. त्यात करदर थेट सूत्रात लिहिलेले असतात आणि एका इफमध्ये (अट तपासणाऱ्या सूत्रात) दुसरे इफ, त्यात तिसरे, अशी उतरंड रचलेली असते. पुढच्या अर्थसंकल्पात एक टप्पा वाढला की ती उतरंड मोडून पुन्हा रचावी लागते, आणि तिच्यातील चूक दुसऱ्या माणसाला वाचून सापडत नाही. लुकअप, म्हणजे तक्त्यातून योग्य आकडा शोधून देणारे सूत्र वापरणारे तक्ते त्याहून बरे. परंतु या सुपरकॅल्कमधील लुकअप लगतच्या एकाच कॉलममधील आकडा परत देते आणि आपल्याला तर टप्प्यापर्यंतचा कर व पुढचा दर असे दोन आकडे हवे असतात. त्यासाठी तोच तक्ता दोनदा मांडावा लागतो.

मी सुचवते ती पद्धत ५ कॉलममध्ये बसते. पहिल्या कॉलममध्ये टप्पा जेथून सुरू होतो ती रक्कम, दुसऱ्यात त्या टप्प्याचा दर, तिसऱ्यात वरच्या ओळीतील दरापेक्षा झालेली वाढ, चौथ्यात त्या रकमेच्या वर गेलेले उत्पन्न आणि पाचव्यात तिसऱ्या व चौथ्या कॉलमचा गुणाकार. चौथ्या कॉलमचे सूत्र मॅक्सचे (शून्य आणि वजाबाकी यांतील मोठा आकडा निवडणारे) असावे, म्हणजे उत्पन्न त्या टप्प्यापर्यंत पोहोचलेच नसेल तर तेथे शून्य येईल. पाचव्या कॉलमची बेरीज म्हणजे कर. प्रत्येक कॉलम ९ अक्षरांचा धरला तर ४५ अक्षरे होतात आणि ओळींचे क्रमांक धरूनही तक्ता ५२ च्या आत राहतो.

मार्च १९८५ च्या अर्थसंकल्पाने करमुक्त मर्यादा १५,००० वरून १८,००० रुपयांवर नेली आणि करपात्र टप्पे ८ वरून ४ वर आणले. त्यानुसार आकारणी वर्ष १९८६-८७ साठी १८,००० च्या वर २५ टक्के, २५,००० च्या वर ३० टक्के, ५०,००० च्या वर ४० टक्के आणि १,००,००० च्या वर ५० टक्के असे दर होते. म्हणजे तिसऱ्या कॉलममधील वाढ अनुक्रमे २५, ५, १० आणि १० टक्के येईल. ६०,००० रुपयांच्या उत्पन्नावर चार ओळींतील रकमा १०,५००, १,७५०, १,००० आणि शून्य अशा येतील आणि बेरीज १३,२५० होईल. हाच कर नेहमीच्या पद्धतीने काढला तर ७,००० वर १,७५०, पुढच्या २५,००० वर ७,५०० आणि उरलेल्या १०,००० वर ४,००० मिळून तेवढाच येतो. विद्यार्थ्यांकडून दोन्ही रीतींनी करून घ्यावे. वाढीव दराची कल्पना एकदा समजली की “उत्पन्न पुढच्या टप्प्यात गेले तर सगळ्याच उत्पन्नावर जास्त दर लागतो” हा घरोघरी ऐकू येणारा गैरसमज उरत नाही.

तक्ता तयार झाल्यावर तो सीमेवरच्या आकड्यांनी तपासल्याशिवाय वापरू नये. १८,००० वर शून्य, २५,००० वर १,७५०, ५०,००० वर ९,२५०, १,००,००० वर २९,२५० आणि १,५०,००० वर ५४,२५० आले पाहिजेत. एकूण उत्पन्न जवळच्या दहाच्या पटीत आणण्यासाठी त्यात ५ मिळवून, १० ने भागून, इंटने अपूर्णांक टाकून पुन्हा १० ने गुणावे. ही ओळ स्लॅबच्या तक्त्याच्या वरच असावी. त्या काळी कलम ८०सीची वजावटही टप्प्यांनी मिळत असे. तिच्यासाठीही हाच पाच कॉलमांचा साचा चालतो, फक्त तेथे दर वाढण्याऐवजी घटत जातो आणि तिसऱ्या कॉलममध्ये ऋण आकडे येतात.

आपल्या नागपुरात राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी आहे आणि देशभरातील आयकर अधिकारी येथेच प्रशिक्षण घेतात. ज्या शहरात हे शिक्षण इतक्या गांभीर्याने दिले जाते, तेथील वाणिज्य शाखेच्या मुलांना करगणनेचा पाया हाताने रचता यावा, असे मला मनापासून वाटते.

सीताबर्डी_सर्किट

मॅडम, तक्त्याबद्दल वर लिहिले गेले आहे, मी फक्त यंत्राबद्दल लिहितो. अमेरिकेतून आलेले यंत्र असल्याने त्याच्या पाठीमागे कोणता व्होल्टेज छापला आहे ते पाहिल्याशिवाय थेट आपल्या २३० व्होल्टला जोडू नये. ११० व्होल्ट असेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरावा. इतक्या जुन्या पॉवर सप्लायमधील फिल्टर कपॅसिटर चालू यंत्रातही अचानक धूर सोडतात, तेव्हा वर्गात नेण्याआधी ते जाणत्या तंत्रज्ञाकडून बदलून घ्यावेत. पिक्चर ट्यूबच्या भागाला स्वतः हात लावू नये, कारण वीज बंद असतानाही तेथे धोकादायक विद्युतदाब शिल्लक राहू शकतो. आपल्याकडच्या मे महिन्यातील दुपारी असे यंत्र तासन्‌तास चालवू नये, हे वेगळे सांगायला नको.

मूळ फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकावी, म्हणजे त्यावर चुकूनही काही लिहिले जाणार नाही. सव्वापाच इंची फ्लॉपीत खाच झाकली की लेखन बंद होते. टेम्प्लेट उघडल्यावर आकडे भरण्यापूर्वीच ते नव्या नावाने साठवावे आणि सूत्रांचे सेल तिरकी रेघ व पी या आदेशाने सुरक्षित करावेत. विद्यार्थ्यांना सराव करायचा असेल तर मेम हा एम्युलेटर ऑसबर्न-१ चे अनुकरण करतो. प्रत्येकाने मूळ यंत्रालाच हात लावण्याची गरज पडणार नाही.

वाणिज्य_धरमपेठ

आपणा सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. व्होल्टेजची सूचना आजच अमलात आणते. पाच कॉलमांचा तक्ता मी मांडून पाहिला आणि सीमेवरचे पाचही आकडे जुळले. एक शेवटची शंका: याच साच्यात आर्थिक वर्ष २०२५-२६ ची नवी करप्रणाली बसेल का? तेथे १२ लाखांपर्यंतची सूट आणि त्यापुढील सीमांत सवलत (कर १२ लाखांच्या वरच्या उत्पन्नापेक्षा जास्त होऊ न देणारी) कशी दाखवावी, हे मला सुचत नाही.

सनदी_रामदासपेठ

उत्तम बसेल. त्या वर्षी ४, ८, १२, १६, २० आणि २४ लाखांच्या वर दर प्रत्येक वेळी ५ टक्क्यांनीच वाढतो, त्यामुळे तिसरा कॉलम सर्व ओळींत सारखा येईल. २४ लाखांवर बेरीज ३,००,००० आली पाहिजे. पगारदारांसाठी ७५,००० ची प्रमाणित वजावट या तक्त्याच्या आधी वजा झालेली असावी.

सूट आणि सीमांत सवलत यांसाठी इफची गरज नाही. तक्त्याखाली एकच ओळ लिहावी: वरची बेरीज आणि १२ लाखांच्या वर गेलेले उत्पन्न, या दोहोंतील लहान रक्कम मिनने निवडावी, आणि “वर गेलेले उत्पन्न” आधीप्रमाणेच मॅक्सने शून्याखाली जाऊ देऊ नये. ११,९०,००० वर त्यामुळे कर शून्य येईल. १२,१०,००० वर तक्त्यातील बेरीज ६१,५०० असली तरी निवड १०,००० ची होईल, आणि उत्पन्न सुमारे १२,७०,५८८ च्या पुढे गेले की तक्त्याचाच आकडा आपोआप लागू होईल. ४ टक्के उपकर या ओळीच्या खाली लावावा. हे सूत्र निवासी व्यक्तीच्या सर्वसाधारण दराने कर लागणाऱ्या उत्पन्नापुरते आहे. भांडवली नफ्यासारखे विशेष दराचे उत्पन्न असेल तर त्याचा कर वेगळ्या ओळीत, या निवडीच्या बाहेर ठेवावा. ५० लाखांच्या वरील अधिभार या टेम्प्लेटमध्ये घेऊ नये, विद्यार्थ्यांसाठी तो स्वतंत्र पानावर मांडलेला बरा.