प्रौढ वयात ऑटिझमचे निदान करून घ्यावे का?

मृण्मयी :

शिक्षण, नोकरी, संसार हे सगळे मार्गी लागल्यानंतर आपण ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) स्पेक्ट्रमवर, म्हणजे सौम्य ते तीव्र अशा त्याच्या विस्तृत पट्ट्यावर कुठेतरी आहोत असे कळणारी माणसे आता फारशी दुर्मीळ राहिलेली नाहीत, आणि त्यांना विचारला जाणारा पहिला प्रश्नही ठरलेला आहे : "इतकी वर्षे निभावलेत ना, मग आता कशाला?" माझी बाजू सुरुवातीलाच सांगून टाकते. शंका सबळ असेल, तर वय न बघता रीतसर निदान करून घ्यावे. मला ते पन्नाशी जवळ आल्यावर मिळाले.

एवढा उशीर का होतो, याचे उत्तर बरेचसे इतिहासात आहे. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या ११ मुलांचे वर्णन केले, त्यावरून ऑटिझम म्हणजे अगदी लहानपणीच उघड दिसणारी, विरळा आणि गंभीर अवस्था अशी समजूत रुजली. पुढच्याच वर्षी बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पर्गर यांनी व्हिएन्नातील अस्खलित बोलणाऱ्या, परंतु समवयस्कांत न मिसळणाऱ्या मुलांविषयी लिहिले खरे. पण ते लेखन जर्मनमध्ये होते, आणि ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लोर्ना विंग यांनी १९८१ मध्ये त्याकडे लक्ष वेधेपर्यंत इंग्रजीत वाचणाऱ्या बहुतेक डॉक्टरांना त्याचा पत्ता नव्हता. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत आस्पर्गर सिंड्रोमला जागा मिळाली ती १९९४ मध्ये. २०१३ मध्ये हे सगळे प्रकार एकाच स्पेक्ट्रमखाली आणले गेले. याचा अर्थ असा, की १९९४ पर्यंत शाळा संपवून बाहेर पडलेल्या आणि लिहिता-बोलता उत्तम येणाऱ्या मुलांसाठी निदानाचा रकानाच उपलब्ध नव्हता. मुलींची गोष्ट आणखी वेगळी. एका मुलीमागे चार मुलगे हे प्रमाण वर्षानुवर्षे सांगितले जात होते. २०१७ मधल्या एका एकत्रित आढाव्यात ते तिनाच्या जवळ असल्याचे दिसले, कारण निदान न झालेल्यांनाही शोधून काढणाऱ्या अभ्यासांत मुली जास्त सापडल्या.

मधल्या काळात अशी माणसे सोंग वठवत राहतात. फोन लावण्याआधी मी सुरुवातीची वाक्ये कागदावर लिहून काढत असे, आणि पलीकडून अनपेक्षित प्रश्न आला की माझी वाचाच बसत असे. समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचे, मग भुवईकडे, मग टेबलाकडे, पुन्हा डोळ्यांकडे, हा क्रम मनात चालवण्याच्या नादात तो काय बोलला तेच निसटून जायचे. निदानानंतर हे थांबवण्याची मुभा मी स्वतःला दिली. बैठकीचे विषय आधी लेखी मागवते, बोलताना वहीकडे बघते, आणि "मी ऐकते आहे" असे सांगून टाकते. संध्याकाळी घरी येऊन दिवा न लावता पडून राहण्याची वेळ आता क्वचित येते.

तर्कदुष्ट :

मृण्मयीताई, तुम्हाला बरे वाटले याचा आनंद आहे. परंतु बरे वाटणे हा निदान बरोबर असल्याचा पुरावा होत नाही. ऑटिझमसाठी रक्ताची तपासणी नाही, मेंदूच्या स्कॅनवर ते दिसत नाही. सगळी भिस्त वागण्याच्या निरीक्षणावर आणि आठवणींवर. पन्नाशीच्या माणसाला बालपण आठवायला सांगितले, आणि त्याने आधीच या विषयावर महिनोन्‌महिने वाचलेले असले, की त्याला त्या वाचनाला साजेसेच बालपण आठवते. एकट्याने खेळलो, गोंगाट आवडत नसे, लग्नसमारंभात कोपरा धरून बसलो : यांतले काही ना काही ज्याच्या बाबतीत घडले नाही असा माणूस शोधून दाखवा.

तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते. माणसांचे वर्गीकरण केले, की माणसे त्या वर्गाप्रमाणे वागू लागतात, आणि त्यामुळे तो वर्गच बदलत जातो. दगडांच्या बाबतीत असे होत नाही, कारण दगडाला आपण कोणत्या वर्गात मोडतो याची फिकीर नसते. प्रौढांच्या ऑटिझमचे नेमके हेच चालले आहे असे माझे मत आहे.

शिवाय त्याच निदानपुस्तिकेची अट आहे, की लक्षणांमुळे दैनंदिन व्यवहारात लक्षणीय अडथळा यायला हवा. नोकरी टिकली, संसार टिकला, मुले वाढली; मग अडथळा कोणता? आणि मूळ लक्षणांवर कोणतेही औषध नाही. ज्यावर उपचार नाहीत ते शोधून काढण्याचा खटाटोप माझ्या गळी उतरत नाही.

मृण्मयी :

तुम्ही निकषांचा अर्धाच भाग उद्धृत केलात. लक्षणे बालपणापासून असायला हवीत, मात्र सामाजिक अपेक्षा कुवतीबाहेर जाईपर्यंत ती पूर्णपणे प्रकट होणार नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या क्लृप्त्यांमुळे पुढे झाकली जातील, हेही २०१३ च्या त्याच निकषांत नमूद आहे. नोकरी टिकलेली सगळ्यांना दिसते. ती टिकवताना काय खर्ची पडले याचा हिशेब कोणी मागत नाही.

तो हिशेब मांडणारा एक अभ्यास सांगते. इंग्लंडमध्ये आस्पर्गरचे निदान प्रौढपणी मिळालेल्या ३७४ जणांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ६६ टक्क्यांनी आपल्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचे सांगितले, आणि ३५ टक्क्यांनी तशी योजना किंवा प्रयत्न केलेला होता. ही वरकरणी निभावलेलीच माणसे होती.

तर्कदुष्ट :

आकडा हादरवणारा आहे, तो मी नाकारत नाही. पण त्यातून तुमचा निष्कर्ष निघत नाही. ही माणसे निदानासाठी दवाखान्यात आलेली होती, म्हणजे मुळातच हैराण झालेली. निदान मिळाल्यानंतर हे विचार कमी झाले का, हे त्या पाहणीने तपासलेले नाही. त्रास खरा असणे आणि त्या त्रासाचे नाव ऑटिझमच असणे, या दोहोंत अंतर आहे. नैराश्यावर उपचार आहेत. ते सोडून माणूस 'मी ऑटिस्टिक' या ओळखीच्या मागे लागला तर त्याचे नुकसानच होईल.

एक पालक :

आपल्या दोघांचा वाद वाचला आणि राहवले नाही. माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. तो बोलत नाही. त्याला आंघोळ मी घालतो, आणि पाण्याचा पहिला तांब्या खांद्यावर पडायच्या आत त्याला तो दाखवावा लागतो, नाहीतर तो स्वतःचे डोके भिंतीवर आपटतो. गेल्या काही वर्षांत ऑटिझमवर जे बोलले जाते, ते बहुतांशी मृण्मयीताईंसारख्या सुशिक्षित, नोकरी करणाऱ्या लोकांकडून बोलले जाते. "आम्ही आजारी नाही, आम्ही वेगळे आहोत" हे वाक्य त्यांच्या तोंडी शोभते. माझ्या मुलाच्या वतीने ते कोणी उच्चारले, की मला संताप येतो, कारण त्याच्यासाठी चोवीस तास कोणीतरी लागते, आणि माझ्यानंतर ते कोण असेल हे मला ठाऊक नाही.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२१ च्या अखेरीस 'प्रोफाउंड ऑटिझम' असा स्वतंत्र उल्लेख करण्याची शिफारस केली : आठ वर्षांपुढील वय, बुद्ध्यांक ५० च्या खाली किंवा बोलणे अगदी अत्यल्प, आणि सांभाळणारे प्रौढ माणूस अष्टौप्रहर जवळ असण्याची गरज. त्यावरही टीका झाली, आणि टीका करणाऱ्यांत स्वतःची बाजू मांडू शकणारेच पुढे होते. प्रौढांनी निदान करून घेण्याला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो एकाच निदानाखाली या दोन आयुष्यांना बसवण्याला, कारण मदतीचा ओघ आणि लोकांची सहानुभूती नेहमी बोलणाऱ्याकडेच वळते.

मृण्मयी :

तुमच्या संतापावर माझ्यापाशी उत्तर नाही, आणि तो मी खोडूनही काढणार नाही. एवढेच म्हणेन, की तुमच्या मुलाला पाणी आधी दाखवावे लागते यामागे संवेदनांचा जो भडिमार आहे, तो सौम्य रूपात मला ओळखीचा आहे. नळाच्या आवाजाने माझे हात थरथरतात, पण मी ते खिशात घालू शकते. तुमच्या मुलासाठी आणि माझ्यासाठी एकच व्यवस्था पुरेल असे मी कधीही म्हणणार नाही. त्याच्या गरजा कितीतरी आधी येतात.

निरीक्षक :

प्रौढांची ऑटिझमसाठी तपासणी करणाऱ्या चमूत मी काम करते. धाग्यात दोन्ही बाजूंनी तपासणीबद्दल जे गृहीत धरले गेले आहे, ते थोडे दुरुस्त करावेसे वाटते.

महाजालावर सगळीकडे सापडणारी ५० प्रश्नांची प्रश्नावली, जी सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली, ती केवळ चाळणी आहे. तिच्यात गुण जास्त आले म्हणजे निदान झाले असे नाही, आणि कमी आले म्हणजे शंका फिटली असेही नाही. खरी तपासणी काही तासांची असते. तिच्यातला एक भाग प्रौढांना फार विचित्र वाटतो : दात कसे घासायचे ते हावभाव करून शिकवा, शब्द नसलेले चित्रांचे पुस्तक बघून गोष्ट सांगा, समोरच्या वस्तूंतून पाच निवडा आणि त्यांच्यावर एक कथा रचा. एखाद्या विभागाचा प्रमुख असलेला माणूस हातात खेळण्यातली गाडी घेऊन ओशाळून बसतो. आम्ही कथेचा दर्जा बघत नाही. तो बोलताना हात, चेहरा आणि आवाज यांचा मेळ बसतो का, समोरच्याला ऐकण्यात रस आहे की नाही याचा अंदाज त्याला येतो का, ते बघतो. आणि तर्कदुष्टांनी मांडलेला स्मृतीचा मुद्दा योग्य आहे, म्हणूनच शक्य असेल तेव्हा आईवडिलांशी किंवा थोरल्या भावंडांशी बोलतो, शाळेच्या प्रगतिपुस्तकांवरचे शिक्षकांचे शेरे मागवतो. आईवडील हयात नसलेल्या साठीच्या माणसाबाबत मात्र गाडे अडते, हे कबूल केले पाहिजे.

आता नैराश्याविषयी. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांवर नैराश्याचे किंवा चिंतेचे उपचार आधीच होऊन गेलेले असतात, आणि ते अर्धवट लागू पडलेले असतात. भिडस्त माणसाला काय बोलावे हे बहुधा कळत असते, भीतीने ते तोंडातून फुटत नाही. ऑटिझम असलेल्याला काय अपेक्षित आहे हेच पुष्कळदा उमगत नाही, मग वारंवार फजिती झाल्यावर भीतीही येऊन बसते. वरून दोघे सारखेच दिसतात. उपचारांत मात्र फरक पडतो, कारण पहिल्याला माणसांत जायला हळूहळू प्रवृत्त करायचे असते आणि दुसऱ्याला तसेच रेटले तर तो आणखी थकतो. एडीएचडीचाही, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचाही, विचार करावा लागतो. २०१३ पूर्वीच्या निकषांनुसार ही दोन्ही निदाने एकाच माणसाला देता येत नसत, आता येतात. आणि काही जणांना मी "हे ऑटिझम नाही" असेही सांगते. त्यांतले काही नाराज होऊन जातात. ते बघताना हॅकिंग यांचे म्हणणे मला पटते.

अवधूत :

मी निदान मिळालेला आहे, तरीही मृण्मयीताईंच्या "वय न बघता" या शब्दांना माझा विरोध आहे. निरीक्षकांनी तपासणीच्या खोलीत काय होते ते सांगितले. खोलीबाहेर काय होते ते मी सांगतो.

पहिले काही आठवडे हलके वाटले. त्यानंतर जे आले त्याची पूर्वसूचना कोणी दिली नव्हती. तुटलेली मैत्री, हातची गेलेली बढती, वडिलांनी केलेली "माणूसघाणा" ही संभावना, सगळे एकेक करून पुन्हा समोर उभे राहिले, आणि आता त्या प्रत्येकापुढे "तेव्हा कळले असते तर" हे शेपूट जोडले गेले. वडील गेलेले आहेत. त्यांना समजावून सांगण्याची सोय नाही. कार्यालयात वरिष्ठांना विश्वासाने सांगितले, तर त्यांनी सहृदयतेने माझ्याकडचे ग्राहकांशी बोलण्याचे काम काढून घेतले, जे मला आवडत होते आणि जमतही होते. घरी प्रत्येक भांडणाचे खापर आता निदानावर फुटते. बायको म्हणते, "तुला कळणारच नाही." पूर्वी ती किमान वाद तरी घालायची.

मृण्मयी :

अवधूत, तुमच्या घरी जे चालले आहे त्यावर डॅमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या संशोधकाने २०१२ मध्ये नेमके बोट ठेवले होते : न समजणे हे दुहेरी असते, तुम्हाला तिचे कळत नाही तसे तिलाही तुमचे कळत नाही, मात्र दोष एकट्याच्या नावावर लिहिला जातो. निदान तुमचे झाले म्हणून समजून घेण्याची जबाबदारी तिच्यावरून उतरत नाही.

अवधूत :

हे मला पटते. ते तिला कोण सांगणार? मी सांगितले, की ती पळवाट ठरते. म्हणूनच माझे म्हणणे असे, की निदान करून घेण्याआधी ते कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही हे ठरवलेले असावे, आणि घरातले माणूस तपासणीपासूनच सोबत असावे. निकाल कागदावर घरी नेऊन दाखवणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. एकटे राहणाऱ्या, ज्याच्या आयुष्यात बदलण्याजोगे फारसे काही उरलेले नाही अशा सत्तरीच्या माणसाला मी या वाटेला जायला सांगणार नाही.

निरीक्षक :

सत्तरीच्या माणसाबद्दल असहमत. आमच्याकडे असे लोक येतात, आणि पुष्कळदा ते नातवंडाच्या निदानामागोमाग येतात. ऑटिझमचा आनुवंशिकतेशी घट्ट संबंध आहे, हे १९७७ मधल्या जुळ्यांच्या पहिल्या अभ्यासापासून दिसत आले आहे. आजोबांना स्वतःसाठी काही बदलायचे नसते. त्या पोराला घरात कोणी हट्टी किंवा माणूसघाणे म्हणू नये एवढेच त्यांना हवे असते. घरच्या माणसाला सोबत आणावे हा तुमचा मुद्दा मात्र मी आमच्या चमूपुढे ठेवणार आहे. साक्ष देण्यासाठी आम्ही कुटुंबीयांना बोलावतो, पण निकाल सांगायच्या दिवशी त्यांना बोलावत नाही.

तर्कदुष्ट :

त्या आजोबांचे कारण मला मान्य आहे, कारण तिथे निदानाने कोणाच्या तरी वागण्यात प्रत्यक्ष फरक पडतो. तीच कसोटी सगळ्यांना लावावी. बैठकीचे विषय लेखी हवेत, दिवा मंद हवा, फोनऐवजी पत्र चालेल, हे मागण्यासाठी निदानाचा कागद का लागावा, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

मृण्मयी :

लागू नये. मी कागद नसताना हेच सगळे मागून पाहिले होते, आणि तेव्हा मला नखरेल म्हटले गेले.