मदत हवी आहे: पाळी जायच्या वाटेवर आहे, एचआरटी (घटणाऱ्या हॉर्मोनची भरपाई करणारं औषध) सुरू करू की नको?

डॉक्टरांची चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली त्याला आज एकोणीस दिवस झाले. किल्ल्या शोधताना रोज हाताला लागते, रोज परत आत सरकवते.

वय ४७. दीड वर्षापासून पाळीचं वेळापत्रक कोलमडलंय. कधी बाविसाव्या दिवशी हजर, कधी दोन दोन महिने पत्ता नाही. मध्यंतरी एकदा अकरा दिवस अंगावर जात राहिलं, पण ते असो. खरा त्रास रात्रीचा आहे. तीनच्या सुमारास छातीतून गरम लोट वर चढतो, मान, कान, टाळू सगळं पेटल्यासारखं होतं आणि दोन-तीन मिनिटांत मी घामाघूम. पाठोपाठ हुडहुडी. आता उशाशी दुसरा अभ्रा आणि पायथ्याशी कोरडा गाऊन ठेवूनच झोपते. नवऱ्याला जाग न येऊ देता अंधारात अभ्रा बदलायचं कसब अंगी आलंय.

दिवसाचं सांगायचं तर, मी शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात आठवीच्या वर्गात ‘डस्टर’ हा शब्द आठवेना. हात पुढे करून “ते द्या रे... ते पुसायचं” म्हणत उभी. मुलं हसली, मीही हसले, आणि मधल्या सुट्टीत जिन्याखाली जाऊन रडले. मी रडणाऱ्यातली नाही हो.

डॉक्टरांनी हातावर चोळायचं इस्ट्रोजेनचं जेल आणि महिन्यातले बारा दिवस रात्री घ्यायची प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल लिहून दिली. “तुमच्या वयात सुरू करायला हरकत नाही, विचार करून सांगा,” म्हणाल्या. बाहेर रांग होती, मला धड काही विचारता आलं नाही.

भीती दोन गोष्टींची. सख्ख्या मावशीला ६४व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता (आता ठणठणीत आहे). आणि मला कॉलेजपासून अर्धशिशी आहे, तीही डोळ्यांपुढे नागमोडी चमकती रेघ येणारी. तिशीत एका डॉक्टरांनी बजावलं होतं की, गर्भनिरोधक गोळ्यांना आयुष्यात हात लावू नका. मग हेही इस्ट्रोजेनच ना?

शिवाय एफएसएच (पाळी जाताना रक्तात वाढणारं हॉर्मोन) दोनदा तपासलं. एकदा ८ आलं, सहा आठवड्यांनी ४१. यातलं खरं कुठलं?

धीर नको, तो घरचे देतात. ज्यांनी घेतलंय, नाकारलंय किंवा घेऊन सोडलंय त्यांनी सांगा.

अधलीमधली:
मी दोन वर्षं घेतेय, ४७लाच सुरू केलं. त्याआधी सहा महिने तुझ्यासारखीच चिठ्ठी उराशी धरून बसले होते. माझी भीती कुठून आली होती ते शोधत गेले तर मुळाशी निघालं २००२ साल.

त्या जुलैत अमेरिकेतला ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासाचा इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा भाग मुदतीआधी थांबवला गेला. सोळा हजारांवर बायका होत्या, वय ५० ते ७९, सरासरी ६३. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन कैक वर्षं लोटलेली. औषध गोळीतून दिलं होतं. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन, सोबत मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम प्रोजेस्टिन. बातमी सगळीकडे एकच छापली गेली, स्तनाच्या कर्करोगात २६ टक्के वाढ. ऐकूनच पोटात गोळा येतो. आता तीच गोष्ट माणसं मोजून सांगते: औषध न घेणाऱ्या १०,००० बायकांमागे वर्षाला ३० जणींना, घेणाऱ्यांत ३८ जणींना. पक्षाघात आणि फुप्फुसातली गुठळी यांतही प्रत्येकी ८ जास्त, हृदयविकार ७ जास्त. उलट खुब्याचं हाड मोडणं ५ने कमी आणि आतड्याचा कर्करोग ६ने कमी.

आठ जणी म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. त्या आठातली एक मी असू शकते. पण मी रोज रात्री चारदा उठत होते आणि गाडी चालवताना सिग्नलला डुलकी लागली होती. तो धोका कुणी मोजलाच नव्हता.

ज्यांची गर्भपिशवी काढलेली होती त्यांना त्याच अभ्यासात नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही. पक्षाघात वाढला म्हणून तो भाग २००४मध्ये थांबला. ‘एचआरटी’ म्हणून एकच एक औषध नसतं, हे मला तेव्हा कळलं.

वाटसरू६०:
पाळी जाणं हा आजार नाही, निसर्गक्रम आहे. आमच्या आया-आज्यांनी कुठे गोळ्या खाल्ल्या? चालायला जा, मन गुंतवा, दोन वर्षांत सगळं आपोआप शांत होतं. नसता उद्योग कशाला.

अधलीमधली:
वाटसरू, चष्मा लावूनच हे टाइप केलंत ना? चाळिशी लागणं हाही निसर्गक्रमच.

आणि दोन वर्षांचा हिशोब सगळ्यांना लागू नाही. अमेरिकेत ‘स्वान’ नावाच्या अभ्यासात बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, त्यात गरम वाफांचा मध्यक कालावधी ७.४ वर्षं निघाला. पाळी चालू असतानाच ज्यांना सुरू होतात त्यांना तर आणखी लांबतात. आज्यांनी सहन केलं हे खरं. त्यांना विचारलं कुणी नव्हतं हेही खरं.

रात्रपाळीवाली:
मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, तेव्हा हे त्या मापाने घ्या.

ताई, तुम्ही एक वाक्य लिहिलंत आणि पुढे “ते असो” म्हणून उडवून लावलंत. अकरा दिवस अंगावर गेलं, हे डॉक्टरांना सांगितलंय का? सगळ्यात आधी ते. पंचेचाळिशीनंतर असा अनियमित, जास्तीचा रक्तस्राव झाला तर ‘वयच आहे’ म्हणून सोडत नाहीत. सोनोग्राफी करतात, गरज वाटली तर गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासतात. कारण न कळलेला रक्तस्राव हा एचआरटी रोखून धरण्याच्या ठळक कारणांपैकी एक आहे. बाकीची म्हणजे स्वतःला स्तनाचा कर्करोग झालेला असणं, नुकती झालेली गुठळी, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात, यकृताचा गंभीर आजार. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड करून घ्या. फेरिटिन मुद्दाम लिहितेय, हिमोग्लोबिन बरं दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो.

आता अर्धशिशी. तिशीतल्या डॉक्टरांचं बरोबर होतं. गर्भनिरोधक गोळीत बहुधा इथिनाइल इस्ट्राडिओल असतं, ते फार जोरकस, आणि अशी रेघ दिसणाऱ्या अर्धशिशीत त्याने पक्षाघाताचा धोका वाढतो. जेलमधलं इस्ट्राडिओल हे बीजकोश बनवतात तेच, आणि त्याची मात्रा त्या मानाने कितीतरी सौम्य. नुसती अशी अर्धशिशी आहे म्हणून एचआरटी नाकारत नाहीत, पण इस्ट्रोजेन गोळीऐवजी त्वचेतून द्यायला बघतात. गोळी आधी यकृतातून जाते आणि रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्वचेतून गेलेलं थेट रक्तात उतरतं, म्हणून त्या मार्गाने गुठळीचा धोका वाढल्याचं निरीक्षणांत दिसलेलं नाही. अर्धशिशी भडकते ती हॉर्मोनच्या चढउतारांनी, आणि या वयात चढउतार म्हणजे नुसता झोपाळा. तुमचे ८ आणि ४१ हे त्याच झोपाळ्याचे दोन फोटो. दोन्ही खरे आणि दोन्ही निरुपयोगी. पंचेचाळिशीपुढे लक्षणांवरूनच ओळखा, एफएसएचवरून ठरवू नका, असं ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेची मार्गदर्शिका २०१५पासून सांगतेय. पैसे वाया गेले, सोडून द्या.

पुढचं जरा डोळे वटारून सांगते. कॅप्सूल चुकवायची नाही. “त्याने झोप येते, गरगरतं, म्हणून नुसतं जेलच लावते,” असं सांगणाऱ्या बायका मला काउंटरवर भेटतात. गर्भपिशवी जागेवर असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर अस्तर वाढत राहतं आणि तिथे कर्करोगाचा धोका तयार होतो. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नोव्हेंबर २०२५मध्ये या औषधांवरच्या काळ्या चौकटीतल्या बऱ्याचशा धोक्याच्या सूचना काढायचं जाहीर केलं, पण ही मात्र ठेवली. झोप येते ना? मग गादीवर बसूनच घ्या, तुम्हाला हवी तीच तर आहे.

आणि हो, एचआरटीने गर्भ राहायचा थांबत नाही. पाळी दोन महिने आली नाही की ती गेली असं धरून चालू नका. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली असेल तर त्यापुढे दोन वर्षं काळजी घ्यायची, पन्नाशीनंतर असेल तर एक वर्ष.

पुन्हाएकदा:
मी घेऊन सोडलेल्यांतली. पूर्ण सोडलं नाही म्हणा. पहिल्या महिन्यात छाती इतकी दुखरी झाली की पालथं झोपता येईना, आणि महिन्यातले बारा दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. मला दिलेलं प्रोजेस्टिन वेगळ्या जातीचं होतं. मी रागाने सगळंच बंद केलं. पंधरा दिवसांत वाफा परत, दुप्पट वाटल्या. मग डॉक्टरांनी हॉर्मोनवाली तांबी बसवली (तांबी म्हणायचं, तिच्यात तांबं औषधालाही नसतं). ती अस्तर सांभाळते, अंगावर जाणं कमी करते आणि गर्भनिरोधनही होतं. वर जेल चालू. बसवताना कळ आली, खोटं कशाला बोलू. तुमचं अकरा दिवसांचं प्रकरण वाचून हा पर्याय विचारायला हरकत नाही असं वाटलं.

पहिले तीन महिने अधूनमधून डाग पडतात, तेवढ्याने घाबरू नका. सहा महिन्यांनंतरही पडत राहिले तर दाखवा.

निळीशाई:
माझा स्वतःचा स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय, त्यामुळे हा दरवाजा मला बंद. पण मावशीचं वाचून लिहावंसं वाटलं. मावशी एकटीच आणि तीही साठीनंतर, एवढ्यावरून तुमचा दरवाजा आपोआप बंद होत नाही. आई, बहीण, आजी यांच्यात कुणाला झालाय का, कुणाला पन्नाशीच्या आत झालाय का, बीजकोशाचा कर्करोग कुणाला होता का, हे एका कागदावर मांडून डॉक्टरांपुढे ठेवा. माझ्या घरात ती यादी लांब निघाली होती. तुमची आखूड असेल तर तोही एक निकालच.

आणि ‘एचआरटी नाही तर सहन करा’ असं दोनच वाटांचं हे प्रकरण नाही. मला वेन्लाफॅक्सिनची (हे एरवी नैराश्यावरचं औषध) कमी मात्रा दिली, वाफा निम्म्यावर आल्या. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन हे त्याच प्रकारचं दुसरं औषध टाळतात, ते टॅमॉक्सिफेनचं काम बिघडवतं. झोपेसाठी कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन) केली. सुरुवातीला थट्टाच वाटली होती, पण वाफ आली की “आता झोप गेलीच” म्हणून जी धास्ती बसायची ती गेली. फेझोलिनेटंट नावाचं बिनहॉर्मोनचं औषध अमेरिकेत २०२३मध्ये मंजूर झालंय. मेंदूतल्या तापमानाच्या केंद्रावर ते काम करतं, मात्र यकृताच्या तपासण्या करत राहाव्या लागतात.

धागा काढणारी:
साडेपाच आठवड्यांनी येतेय, माफ करा.

रात्रपाळीवाली, तुम्ही वटारलेले डोळे कामी आले. अकरा दिवसांचं मी खरंच सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. सोनोग्राफीत अस्तर जाड दिसलं म्हणून तुकडा घेतला. पाच मिनिटं सणसणीत कळ, मग रिपोर्ट येईपर्यंतचे नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत अभ्रा किती वेळा बदलला ते मोजलं नाही. रिपोर्ट साधा निघाला. फेरिटिन मात्र ९, म्हणजे लोहाचा साठा तळालाच.

म्हणजे ‘डस्टर’ नेमका कुणी पळवला, लोहाने की हॉर्मोनने, हे आता कधीच कळणार नाही. डॉक्टर म्हणाल्या, दोन्ही एकदम सुरू करू. मला आधी एक, मग दुसरं असं हवं होतं, म्हणजे कशाने बरं वाटलं ते समजेल. त्या म्हणाल्या, “तुम्हाला प्रयोग करायचाय की झोपायचंय?”

यावेळी प्रश्न कागदावर लिहून नेले होते. कौटुंबिक यादी आखूड निघाली. रक्तदाब ठीक, मॅमोग्राफी झाली, अर्धशिशीचं त्यांनी स्वतःच्या हाताने केसपेपरवर लाल शाईने लिहिलं. आधी जेल आणि कॅप्सूल, तीन महिन्यांनी बसून बघायचं. अंगावर जाणं आटोक्यात आलं नाही तर तांबी. नको वाटलं तर थांबायचं, त्यांना फोन करून. हे शेवटचं त्यांनी आपणहून सांगितलं आणि मला एकदम हलकं वाटलं. मी उगाचच ही चिठ्ठी म्हणजे जन्माची सही समजत होते.

जेलला स्पिरिटसारखा वास येतो आणि हाताला गार लागतं. पाच मिनिटं बाही वर करून बसायचं, तासभर तिथे कुणाचा हात लागू द्यायचा नाही. नवरा दारातूनच विचारतो, “आता आत येऊ का?”

आज सहावा दिवस. वाफांवर फरक दिसायला काही आठवडे जातात म्हणे. उशाशी वही ठेवलीय, त्यात काल रात्रीपुढे ‘अभ्रा कोरडा’ असं लिहिलंय. आधीही मधूनच एखादी रात्र कोरडी जायचीच, त्यामुळे पुढे प्रश्नचिन्ह काढलंय.