ग्रेहाउंडच्या मांड्या उघड्या पडल्यात आणि पोटावर पुरळ: एकच दुखणं की दोन?

तापीकाठ (चोपडा)

राम राम मंडळी. ग्रेहाउंड कुत्री, वय ४ वर्षं, वजन २७ किलो, रंग बदामी. सहा महिन्यांपासून दोन्ही मागच्या मांड्यांचे केस गेलेत, दोन्हीकडे अगदी सारखे. तिथली कातडी गुळगुळीत आहे आणि ती जागा ती खाजवत नाही.

तीन आठवड्यांपासून मात्र पोट आणि काखा लाल आहेत, बारीक पुरळ आहे. कानाच्या कडा आणि कोपर खाजवून खाजवून सोलले गेलेत, रात्रभर खाजवते. घरात दोघांच्या हातावर आणि कमरेला बारीक पुळ्या आल्यात.

घर मळ्यात, आजूबाजूला कपाशी. फरशी रोज फिनाईलने पुसतो. झोपायला युरियाच्या रिकाम्या गोण्या. खाणं दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी आणि दूध, आठवड्यातून एकदा मटणाची हाडं. मेडिकलवरून खाजेची ट्यूब आणून दहा दिवस लावली. लावली की दोन दिवस बरं, मग परत तेच. रक्ततपासणीत टी-फोर (थायरॉइडचं संप्रेरक) ०.८ आला, म्हणून थायरॉइडची गोळी आयुष्यभर द्यायला सांगितली आहे. गोळी सुरू करावी का? गावात सांगतात की ही लूत आहे, कपाशीच्या फवारणीचं औषध पाण्यात टाकून धुऊन काढा. काय करू?

रानवाट (धुळे)

भाऊ, ही दोन दुखणी आहेत. ती आधी वेगळी करा, नाहीतर औषध चुकेल. खूण सोपी आहे: खाज आहे का?

मांड्यांना खाज नाही, कोंडा नाही, पुरळ नाही, दोन्हीकडे सारखं आहे. ग्रेहाउंडमध्ये हे इतकं नेहमीचं आहे की त्याला ‘बाल्ड थाय सिंड्रोम’ असं वेगळं नावच आहे. कधी केस आपोआप परत येतात, कधी येत नाहीत. कुत्र्याला त्याचा त्रास काहीच नसतो. त्या जागेवर तेल, हळद, लिंबू काहीही चोळू नका. उघडी कातडी उन्हात भाजते, एवढंच सांभाळायचं.

कानाच्या कडा, कोपर, पोट, रात्रीची खाज आणि वर घरातल्या माणसांना पुळ्या, हे सगळं एकत्र आलं की आधी लुतीचाच संशय घ्यायचा. लूत म्हणजे कातडीतल्या सूक्ष्म किड्यांचं दुखणं, ती दोन प्रकारची. एक सारकोप्टिक: भयंकर खाज, माणसालाही तात्पुरती लागते. दुसरी डेमोडेक्स: डोळ्याभोवती, तोंडावर, पुढच्या पायांवर केस जातात, सुरुवातीला खाज नसते, माणसाला लागत नाही. तुमचं वर्णन पहिलीचं आहे.

घरी एक चाचणी करता येते. कानाची पाळी दुमडून तिची कड तिच्यावरच पाच-सहा सेकंद चोळा. त्याच बाजूचा मागचा पाय खाजवल्यासारखा हलायला लागला तर संशय पक्का धरा. मग डॉक्टरांकडून कातडीची खरवड घ्या. पात्यावर पॅराफिनचा थेंब घेऊन कानाच्या कडेवरून आणि कोपरावरून, जिथे खपली आहे पण ताजं खाजवलेलं नाही तिथून, मोठ्या जागेवर वरवर खरवडायचं. डेमोडेक्ससाठी उलट: कातडी चिमटीत दाबून, रक्ताचा बारीक ठिपका दिसेपर्यंत खोल खरवडायचं, चार-पाच जागी. दोन्ही करून घ्या.

ट्यूब आजपासून बंद. मेडिकलवर मिळणाऱ्या बहुतेक ‘खाजेच्या ट्यूब’मध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइडने लाली बसते म्हणून गुण आल्यासारखं वाटतं, पण किडा खाली तसाच राहतो. डेमोडेक्स असेल तर ती आणखी पसरते. शिवाय ग्रेहाउंडची कातडी आधीच कागदासारखी पातळ असते, ती अजून पातळ होते. आणि कुत्री ती ट्यूब चाटते ते वेगळंच.

कपाशीवाडी (शिरपूर)

फवारणीचं औषध कुत्र्याला लावायचं नाही. कृपा करून नाही. क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांतलं काहीही कातडीतून अंगात जातं. ग्रेहाउंडच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते आणि काही औषधं त्याच्या यकृतातून इतर कुत्र्यांपेक्षा सावकाश बाहेर पडतात. भूल देताना थायोपेंटल टाळतात ते याच कारणाने. दुसऱ्या कुत्र्याला चाललं म्हणून याला चालेल असं धरू नका. चुकून लागलंच आणि लाळ गळणं, बाहुल्या बारीक होणं, अंग थरथरणं, जुलाब असं दिसलं तर हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने लगेच धुवा आणि बाटली सोबत घेऊन डॉक्टरकडे पळा. बाटलीवरचं नाव बघूनच ॲट्रोपिन हा उतारा द्यायचा की नाही ते ठरतं. जळालेलं ऑइल चोपडायची जुनी रीत आहे, तीही नको. तेही चाटून पोटात जातं.

जनावरांचं आयव्हरमेक्टिन (किडे मारायचं) इंजेक्शनही अंदाजाने टोचू नका. १ टक्क्याच्या बाटलीत १ मिलिमध्ये १० मिलिग्रॅम असतं. गाईच्या सिरिंजने कुत्र्याचा डोस मोजताना अर्ध्या मिलिची चूक सहज होते.

गोचीड आणि पिसवाही बघून ठेवा. कमरेवर, शेपटीच्या बुडाशी बारीक फणी फिरवा. फणीतला काळा कचरा ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. त्याभोवती तांबूस वर्तुळ पसरलं तर ती माती नाही, पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त. गोचीड फक्त अंगावर नसते. फुगलेली मादी भिंतीच्या भेगेत शिरून हजारो अंडी घालते. गोठ्याच्या आणि ओट्याच्या भेगा बुजवा, चुना मारा. गोचीड काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि स्पिरिटमध्ये टाका. बोटाने चिरडू नका.

आबा (जळगाव, निवृत्त पशुवैद्यक)

थायरॉइडबद्दल लिहितो, कारण चूक बहुधा इथेच होते.

लॅबच्या कागदावर टी-फोरची जी ‘नॉर्मल’ मर्यादा छापलेली असते ती सगळ्या जातींची मिळून असते. निरोगी ग्रेहाउंडचा टी-फोर त्या मर्यादेच्या खाली असणं नेहमीचं आहे. ०.८ हा आकडा लॅब्रॅडॉरमध्ये संशयाचा, ग्रेहाउंडमध्ये एकटा असेल तर त्याला अर्थ नाही. कातडीचा संसर्ग, दुसरा कोणताही आजार आणि स्टेरॉइड यांनीही टी-फोर खाली जातो, आणि तुम्ही दहा दिवस स्टेरॉइडची ट्यूब लावली आहे. खरंच शंका असेल तर कातडी बरी झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टी-फोर, फ्री टी-फोर आणि टीएसएच या थायरॉइडच्या तपासण्या एकत्र करा. सोबत लक्षणं बघा: वजन वाढणं, सुस्ती, थंडी न सोसणं. तुमच्या कुत्रीत यातलं काही लिहिलेलं नाही.

‘गोळी दिली आणि केस आले, म्हणजे थायरॉइडच होतं’ असं पुष्कळ जण म्हणतात. तो पुरावा नाही. थायरॉक्सिन, म्हणजे हीच गोळी, निरोगी कुत्र्यातही केसांच्या मुळांना चालना देतं. आणि गरज नसताना दिलं तर छातीचे ठोके वाढतात, कुत्रं अस्वस्थ होतं, वजन उतरतं. आधीच सडपातळ जात, तिचं आणखी काय उतरवायचं?

रक्ताचे बाकी आकडेही ग्रेहाउंडचे वेगळे असतात, ते रिपोर्टवर लिहून ठेवा. पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के ते) ५० ते ६५ असतो. म्हणून ४० आला तर इतर कुत्र्यांच्या हिशेबाने तो ठीक दिसेल, पण ग्रेहाउंडमध्ये ते रक्त कमी झाल्याचं लक्षण आहे. प्लेटलेट मुळातच कमी असतात, दीड लाखाच्या आसपास. त्यामुळे प्लेटलेट थोडे कमी दिसले की लगेच गोचीडताप ठरवू नका. उलट, ताप आहे, खात नाही, हिरड्या फिक्या आहेत आणि पीसीव्ही ४० आहे, तर मात्र थांबू नका.

सातपुडा_श्वान (शहादा)

जिभाऊ, खाणं आणि झोपायची जागा बदलल्याशिवाय केस धरणार नाहीत. केस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन. भाकरी-दुधात ते पुरेसं नाही आणि भाकरीवरच वाढलेल्या कुत्र्यात जस्तही कमी पडतं. भाकरी एकदम बंद करू नका. आठवडाभरात हळूहळू तिची जागा उकडलेलं चिकन आणि अंडं किंवा चांगलं तयार खाद्य यांना द्या. अंडं उकडूनच, कारण कच्चा पांढरा भाग रोज दिला तर बायोटिन हे जीवनसत्त्व अडवतो. शिजवलेली हाडं बंद, ती फुटून आतड्यात रुततात. आपल्या रश्शात कांदा-लसूण असतो, म्हणून रस्सा भाकरीवर ओतून देऊ नका.

माशाच्या तेलाने फरक पडतो, पण बाटलीवर ‘१००० मिलिग्रॅम तेल’ लिहिलेलं असतं ते बघू नका. ईपीए आणि डीएचए (तेलातली ओमेगा-३ आम्लं) यांची बेरीज बघा. २७ किलोला दोन्ही मिळून दिवसाला साधारण १५०० मिलिग्रॅम. पहिला आठवडा पाव डोस, नाहीतर जुलाब लागतात. गुण दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, त्याआधी सोडू नका.

युरियाच्या गोण्या आजच काढा. कितीही झटकल्या तरी शिवणीत खत राहतं, ओलाव्याने आणि लाळेने ते पोटाला लागतं, आणि ग्रेहाउंडच्या पोटावर केस नावालाच. तिथे चार बोटं जाड फोम, वर सुती खोळ किंवा जुनी गोधडी, खोळ दर चार दिवसांनी गरम पाण्यात धुवायची. कोपराला घट्टे पडतात ते कडक फरशीनेच. कोपरावर पाण्याची मऊ गाठ आली तर सुई लावून काढू नका, संसर्ग आत जातो. फिनाईलने पुसलेली फरशी साध्या पाण्याने परत पुसा आणि वाळल्यावरच कुत्रीला आत घ्या.

मळ्यातून आली की बोटांच्या बेचक्या बघा. काळी माती तिथे वाळून दगड होते आणि चालताना कातडी चिरते. कुसळ घुसलं तर दोन दिवसांत बोटांमध्ये लाल फोड येतो. पऱ्हाट्यांत धावू देऊ नका, ग्रेहाउंडची कातडी कापडासारखी फाटते.

तापीकाठ (चोपडा)

सगळ्यांचे आभार. ट्यूब, गोण्या, फिनाईल बंद केलं. पिसवांची विष्ठा सापडली नाही. कान चोळल्यावर पाय लगेच हलला. डॉक्टरांनी चार ठिकाणची खरवड घेतली, किडा दिसला नाही. पोटावरच्या पुळीला टेप लावून बघितलं तर गोल जिवाणू भरपूर निघाले. ते म्हणतात किडा नाही म्हणजे लूत नाही, ॲलर्जी आहे, महिनाभर टिकणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ. वाड्यात अजून एक गावठी कुत्रा आहे, तोही थोडा खाजवतो.

रानवाट (धुळे)

दुसरा कुत्राही खाजवतो म्हटल्यावर ॲलर्जी मागे पडते. सारकोप्टिकचे किडे अंगावर मोजकेच असतात, खरवडीत ते निम्म्याहून जास्त वेळा सापडतच नाहीत. खरवडीत किडा सापडला तर लूत नक्की, पण सापडला नाही म्हणून लूत नाही असं होत नाही. अशा वेळी उपचार करूनच बघायचं असतं. डॉक्टरांना एवढंच विचारा: ‘साहेब, आधी लुतीची गोळी देऊन चार आठवडे बघू, लांब टिकणारं इंजेक्शन तोपर्यंत थांबवू का?’ ते इंजेक्शन एकदा टोचलं की परत काढता येत नाही, आणि मग महिनाभर कशाचीच खूण नीट दिसत नाही.

गोळी म्हणजे फ्लुरालानर, सारोलानर किंवा अफोक्सोलानर या गटातली. फ्लुरालानर २० ते ४० किलोला १००० मिलिग्रॅमची एक गोळी, पोटभर जेवणासोबत, असर १२ आठवडे. आधी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, या गटाच्या औषधांनी फिट येऊ शकते. गावठी कुत्र्यालाही त्याच दिवशी त्याच्या वजनाची गोळी द्या. एकाला दिली आणि एकाला नाही, तर परत तिथेच. पहिले काही दिवस खाज वाढल्यासारखी वाटेल, घाबरू नका. दोन ते चार आठवड्यांत उतरते. माणसांच्या पुळ्या कुत्री बरी झाली की जातात, त्रास असेल तर कातडीच्या डॉक्टरांना ‘घरात कुत्र्याला लूत आहे’ हे सांगा.

जिवाणूंसाठी क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू, २ ते ४ टक्के, आठवड्यातून दोनदा, तीन-चार आठवडे. लावल्यावर घड्याळ लावून १० मिनिटं राहू द्यायचा, इथेच बहुतेकांचं चुकतं, दोन मिनिटांत धुतात. सुरुवात पोट आणि काखांपासून करा म्हणजे तिथे सगळ्यात जास्त वेळ मिळतो. डोळ्यात जाऊ देऊ नका. मग खूप पाण्याने धुऊन सुती पंचाने टिपा, घासू नका. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका देतं, आधी मनगटावर बघा. थंडीत मात्र दुपारीच आंघोळ, आणि वाळेपर्यंत अंगावर झूल. पुळ्या दोन आठवड्यांत कमी झाल्या नाहीत तर तोंडाने अँटिबायोटिक लागेल, तो कोर्स डॉक्टर सांगतील तितके दिवस, मध्येच सोडायचा नाही.

आबा (जळगाव, निवृत्त पशुवैद्यक)

वरच्या सगळ्याला माझी सहमती. चार आठवड्यांत खाज निम्म्यानेही उतरली नाही तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात नेऊन बुरशीचं कल्चर आणि खोल खरवड परत करा, तेव्हा ॲलर्जीचा विचार. तिथे गुंगी द्यायची वेळ आली तर ‘ग्रेहाउंड आहे’ हे आधी तोंडाने सांगा, नुसतं कागदावर लिहून भागणार नाही.

मांड्यांच्या केसांसाठी काही द्यावंसंच वाटलं तर मेलाटोनिन आहे, गुण येतोच असं नाही. डोस डॉक्टर ठरवतील. माणसांच्या चघळायच्या गोळ्या आणू नका, त्यांत झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्याला विष आहे. दर महिन्याला दोन्ही मांड्यांचा फोटो एकाच जागी, एकाच उजेडात काढून ठेवा. रोज बघणाऱ्याला बारीक केस फुटलेले कळत नाहीत.