शोस्टाकोविचची पाचवी सिंफनी: शेवट आनंदाचा आहे का?

मंद्रसप्तक:
नमस्कार मंडळी. रशियन संगीतकार म्हणजे मी आजवर रॅखमॅनिनॉफच ऐकत आलोय, दुसरा पियानो कॉन्चेर्टो तर पाठच झालाय, सुरुवातीचे ते घंटेसारखे कॉर्ड वाजले की हातातलं काम थांबतं. मागच्या महिन्यात शोस्टाकोविचची पाचवी सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना, लावली आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. पण शेवटाशी अडलोय. ट्रम्पेट, टिंपनीचे ढोल, डी मेजरची उजळ पट्टी, सगळं जिंकल्यासारखं, आणि मला मात्र ऐकताना छातीवर दडपण येतं. कुणी म्हणतं हा विजय आहे, कुणी म्हणतं बळजबरीचा आनंद आहे. त्यात दोन रेकॉर्डिंग ऐकली, एकात शेवट धावत सुटतो आणि दुसऱ्यात इतका संथ की हे तेच आहे का असं वाटलं. कसं ऐकायचं हे? आणि यापुढे काय ऐकू?

चेलोची_तार:
दडपण येतंय ना, मग तुमचे कान बरोबर आहेत. आधी तो माणूस तेव्हा कुठे उभा होता ते बघा. त्याचा 'लेडी मॅकबेथ' ऑपेरा १९३४ पासून जोरात चालू होता. जानेवारी १९३६ मध्ये स्टॅलिन तो बघायला मॉस्कोच्या बोल्शोय थिएटरला गेला, आणि दोनच दिवसांनी, २८ तारखेला, पक्षाच्या 'प्रावदा' वर्तमानपत्रात बिननावाचा लेख आला की हे संगीत नाही, गोंधळ आहे. त्या काळात असा लेख म्हणजे नुसती टीका नसायची, जिवावरचं असायचं. त्याच वर्षी डिसेंबरात तालमी चालू असताना त्याने चौथी सिंफनी मागे घेतली, ती लोकांनी ऐकली थेट १९६१ ला. जून १९३७ मध्ये त्याला सांभाळून घेणारा मार्शल तुखाचेव्स्की गोळ्या घालून मारला गेला. आणि २१ नोव्हेंबर १९३७ ला लेनिनग्राडमध्ये कंडक्टर म्राविन्स्कीने पाचवी पहिल्यांदा वाजवली. शोस्टाकोविच तेव्हा ३१ वर्षांचा. तिसऱ्या मूव्हमेंटला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या भागाला, लोक उघड रडत होते आणि संपल्यावर अर्ध्या तासाहून जास्त टाळ्या चालल्या. त्या हॉलमध्ये ज्यांच्या घरातलं कुणी उचलून नेलं नव्हतं असे किती असतील, सांगा.

लय_आधी:
वेगाचं मी सांगतो, कारण याच्यावर मी बऱ्याच रात्री घालवल्यात. घोळ छापील स्कोअरमध्येच, म्हणजे स्वरलिपीतच आहे, एका आवृत्तीतला शेवटाचा वेग दुसरीच्या जवळजवळ दुप्पट. अमेरिकन कंडक्टर बर्नस्टाइनचं १९५९ चं रेकॉर्डिंग म्हणजे तुमचं ते धावणारं असणार. त्याच वर्षी त्याने मॉस्कोत ही सिंफनी वाजवली, शोस्टाकोविच स्वतः हजर होता, स्टेजवर सुद्धा आला. म्हणून वेगवान म्हणजे चूक असं मी म्हणणार नाही. पण एकदा संथ वाजवलेलं घ्या आणि ट्रम्पेट सोडून द्या, फक्त व्हायोलिनकडे कान लावा. एकच सूर, ए, परत ए, परत ए, अडीचशेच्या आसपास वेळा, पियानो आणि लाकडी वाद्यं पण तेच ठोकतायत. वर पितळी वाद्यांची मिरवणूक आणि खाली तो एक सूर हलायलाच तयार नाही. दडपण तिथून येतंय.

जुनी_रेकॉर्ड:
सगळे शेवटच्या दोन मिनिटांवरच भांडतात पण त्याच्या आधीचा शांत भाग कुणी ऐकतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. चौथ्या मूव्हमेंटच्या मध्यात सगळा दणका विरतो आणि हार्प येते, तो तुकडा त्याने स्वतःच्याच एका गाण्यातून घेतलाय. गाणं पुश्किनच्या कवितेवर. एक रानटी चित्रकार कुणा थोर माणसाच्या चित्रावर आपले रंग फासतो, वर्षं जातात, वरचे रंग जुन्या खपल्यांसारखे गळून पडतात आणि आतलं मूळ चित्र परत दिसायला लागतं. आणि त्या मूव्हमेंटच्या अगदी सुरुवातीला ट्रम्पेट-ट्रॉम्बोन जे चार सूर गर्जून सांगतात ना, ते त्याच गाण्याचे पहिले चार सूर आहेत! म्हणजे रंग फासणाऱ्याचे सूर सगळ्यांसमोर मोठ्याने, आणि खपल्या गळायची गोष्ट हार्पवर हळूच.

चेलोची_तार:
हे भारी सांगितलंत. मी एवढंच जोडते की माझ्यासाठी ही सिंफनी तिसऱ्या मूव्हमेंटमध्येच आहे. पितळी वाद्यं पूर्ण गप्प, व्हायोलिनचे दोनऐवजी तीन गट केलेत, म्हणून तो आवाज गर्दीसारखा नाही तर एकेकट्या माणसांसारखा येतो. पुढचं काय ऐकू विचारलंत तर त्याचं आठवं क्वार्टेट घ्या, चार तंतुवाद्यांसाठीचं. जुलै १९६० मध्ये ड्रेस्डेनजवळ तीन दिवसांत लिहिलं, डी, ई फ्लॅट, सी, बी हे चार सूर म्हणजे जर्मन पद्धतीने त्याच्या नावाची अक्षरं डी-एस-सी-एच, आणि ते पाचही मूव्हमेंटमध्ये फिरत राहतात. वीसेक मिनिटांचं आहे, मध्ये थांबत नाही, तुम्ही पण थांबू नका. दुसरा रशियन संगीतकार प्रोकोफिएव्ह त्यानंतर, त्याची सहावी सिंफनी.

मंद्रसप्तक:
आत्ताच हार्पचा तुकडा तीनदा मागे नेऊन ऐकला. इतके दिवस मी तिथे आवाज वाढवायचो, नीट ऐकू येत नाही म्हणून. आज होता तेवढाच ठेवला. क्वार्टेट रात्री ऐकतो आणि इथेच लिहितो.