फ्लॅनेल आधी धुवा, मग कापा

ताई, पहिल्याच धुण्यात बाळाचा पायजमा आखूड झाला म्हणालात, तो दोष तुमच्या शिलाईचा नाही. सुती फ्लॅनेल आटतंच. मेनरोडवरून कापड आणलं की मी ते आधी कोमट पाण्यातून काढून वाळवते, मगच कात्री लावते. (निफाडचा पारा घसरला की आपल्या नाशिकलाही हुडहुडी भरते, तेव्हा घाई होते खरी!) लंगोट किंवा डायपर मावायला मागचं आसन (कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग) पुढच्यापेक्षा इंच-दीड इंच उंच ठेवा. इलॅस्टिक ताणून शिवू नका, नेफ्यात ओवा. नंतर सैल करता येतं. पोटावर वळ उठला तर घट्टच समजा. आणि नाडी? रांगत्या बाळाला अजिबात नको. पायाशी दोन इंच दुमड ठेवा, पुढच्या थंडीत उसवायला.