‘वलं’ हा शब्द आमच्याकडचा

सत्तरच्या दशकातल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत ‘जैत रे जैत’ मोजूच नये, ती ठाकरांची, म्हणजे डोंगरातल्या आदिवासींची गाणी, आपल्या मराठवाड्याचा त्यात काय संबंध, असं या यादीच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. चित्रपटाची गोष्ट तिकडचीच, ते मान्य. पण १९७७ च्या त्या चित्रपटाची गाणी लिहिली ना. धों. महानोरांनी, म्हणजे आपल्या सोयगाव तालुक्यातल्या पळसखेडच्या शेतकऱ्यानं. चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. माझ्या यादीत आशाताईंचं ‘नभ उतरू आलं’ पहिलं आणि ते खाली येणार नाही.

त्यातल्या ‘वलं’, म्हणजे ओलं, या एका शब्दासाठी सांगतो. आमच्याकडं मृगाचा पाऊस पडून गेला की दादा रानात जाऊन खुरप्यानं माती उकरायचे. बोटभर गेली, वीतभर गेली, अशी वल, म्हणजे मातीतली ओल, मोजायची. खालची माती मुठीत दाबली आणि तिचा लाडू वळला तरच पेरणीची तिफण बाहेर निघायची. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेला माणूस, एका सरीवर भुलून पेरणी कधीच केली नाही त्यांनी. परभणी आकाशवाणीवर हे गाणं लागलं की हातातलं काम सोडून ऐकायचे. एकदा मला म्हणाले, “हे लिहिणाऱ्यानं वल बघितलीय रे.” तेव्हा कवी कोण हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. आता तुम्हीच सांगा, हे गाणं मी यादीतून कसं काढू?